सोनोरा मातान्सेरा: बँड कोणाचा, गाणाऱ्यांचा की वाजवणाऱ्यांचा?

रानजाई

परवा एका मित्राशी कडाक्याचं भांडण झालं. त्याचं म्हणणं, 'सोनोरा मातान्सेरा म्हणजे क्युबन गायिका सेलिया क्रूझच्या मागे वाजवणारी माणसं.' मला हे अजिबात मान्य नाही, आणि का ते सविस्तर लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

हा बँड 12 जानेवारी 1924 रोजी क्युबातल्या मातान्सास गावात वालेंतिन काने यांच्या घरी जमला. पहिलं नाव तुना लिबेराल, कारण लिबरल पक्षाच्या सभा-समारंभांत वाजवायचं होतं. तेव्हा मुख्य भर तंतुवाद्यांवर. 1927 मध्ये मंडळी हवानाला आली. पियानो पुढे आला. सेलिया आली 1950 साली, म्हणजे बँडची पंचवीस वर्षं उलटून गेल्यावर!

आणि ती आली तेव्हा काय झालं? आधीची गायिका मिर्ता सिल्वा पोर्तोरिकोची, लोकांची लाडकी. तीच परत हवी अशी पत्रं श्रोत्यांनी रेडिओला पाठवली. बाईच्या आवाजातला ग्वाराचा (क्युबातला जलद, मिश्किल गाण्याचा प्रकार) खपणार नाही, असं रेकॉर्ड कंपनीच्या मालकालाही वाटत होतं. तेव्हा बँडप्रमुख रोहेलिओ मार्तिनेझ अडून बसले आणि तिची रेकॉर्ड निघाली. म्हणजे सेलियाला उभं केलं ते या बँडनं.

शिवाय गायकांची यादी बघा. दानिएल सांतोस पोर्तोरिकोचा, लिओ मारिनी आणि कार्लोस आर्हेंतिनो अर्जेंटिनाचे, नेल्सन पिनेदो कोलंबियाचा, आल्बेर्तो बेल्त्रान डोमिनिकन. इतक्या देशांचे, इतक्या वेगळ्या गळ्यांचे गायक, आणि तरी सुरुवातीच्या चार ठेक्यांत कळतं की ही सोनोराच. हे कुणामुळे?

दगडफूल

भावना पोचल्या, पण बाजारात आणि लोकांच्या मनात काय राहिलं तेही बघा. सेलियानं 1965 मध्ये बँड सोडला. त्यानंतरचं सोनोराचं किती संगीत तुम्ही स्वतःहून लावून ऐकता? मी तरी नाही ऐकत. ती मात्र सोनोरा सोडल्यावर आणखी मोठी झाली. बँडनं तिला उभं केलं हे मान्य. पण पायरी म्हणजे घर नव्हे.

तिठ्यावरचा

मला दोघांचंही पटत नाही. माझा आक्षेप संगीतावर आहे.

चाळीसच्या दशकात आर्सेनिओ रोद्रिगेस या क्युबन संगीतकारानं सोन या तिथल्या नाचगाण्याच्या प्रकाराचा सांगाडाच बदलला. कोंगा हा उभा ढोल आणला, पियानो आणला, ट्रंपेट वाढवले, गाण्याच्या शेवटी वादकांना मोकळं रान दिलं. पुढे न्यूयॉर्कच्या साल्सानं त्याचाच हात धरला. त्या सगळ्या काळात सोनोरा काय करत होती? दोन ट्रंपेट, ठरलेली बांधणी, तीन मिनिटांत गाणं संपलं. पेरेझ प्रादो काही काळ यांच्याकडे पियानोला होता, पण त्याचा माम्बो हा नाचसंगीताचा प्रकार गाजला तो बाहेर पडल्यावरच. शंभर वर्षांचं वय हे मोठेपणाचं प्रमाणपत्र होत नाही. जे बदलत नाही ते टिकतं, एवढंच त्यातून दिसतं.

रानजाई

तिठ्यावरचा, पेरेझ प्रादोचा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पण 'बदलत नाही' हे तुम्ही फार सहज बोललात. ती बांधणी एकदा नाचणाऱ्याच्या कानानं ऐका. दोन ट्रंपेट एकमेकांना चिकटून वाजतात, मध्ये मोकळी जागा सोडतात, आणि त्या जागेत पाऊल पडतं. वादकांना मोकळं रान दिलं की ऐकणारा खूश होतो, पण फरशीवरची जोडी थबकते. सोनोरानं ती जोडी कधी सोडली नाही. हा माझ्या मते आळस नव्हे, निवड आहे.

दगडफूल, न्यूयॉर्कात 1989 साली बँडच्या 65 वर्षांचा सोहळा झाला. जुने गायक परत येऊन त्याच बँडपुढे उभे राहिले. सेलियासुद्धा. पायरीकडे कुणी असं परत येत नाही.

घाटमाथा

क्युबाचं काय पण? कास्त्रोच्या क्रांतीनंतर, 1960 मध्ये, ही मंडळी कार्यक्रमासाठी मेक्सिकोला गेली आणि परतलीच नाहीत. 1962 मध्ये सेलियाची आई वारली, तर सरकारनं तिला अंत्यविधीलाही येऊ दिलं नाही. देश सोडून गेलेल्यांचं संगीत तिथल्या रेडिओवरून गायब झालं. नावात मातान्सास, आणि मातान्सासच्या पोरांना कित्येक वर्षं ते ऐकायची सोय नव्हती. इतिहास सांगताना हा तुटलेला भाग दोन ओळींत उरकू नका. माझ्या लेखी 1960 च्या आधीची सोनोरा वेगळी आणि नंतरची वेगळी.

दगडफूल

घाटमाथा, हे मनापासून पटलं. याचा मी विचारच केला नव्हता.

हडसनकाठ

मी न्यू जर्सीत राहतो. खालच्या मजल्यावर एक क्युबन आजोबा होते, साठच्या दशकात आलेले. रविवारी सकाळी त्यांच्याकडे सोनोराच्या तबकड्या लागायच्या आणि जिन्यात ऐकू यायच्या. आजोबा सोबत गायचे, पण मुख्य गायकाची ओळ कधीच नाही. ते थांबून राहायचे आणि मागचा कोरस आला की त्यात शिरायचे. तो कोरस म्हणजे बँडमधल्या काईतो या वादकाचा बारीक, बाईसारखा चढा आवाज आणि त्याखाली रोहेलिओचा. दोघंही हवानाच्या दिवसांपासूनचे. काईतो तर आयुष्यभर खुळखुळे वाजवत मागेच उभा राहिला.

घाटमाथा, तुम्ही म्हणता तो तुटलेला भाग आजोबांच्या घरात होताच. भिंतीवर मातान्सासच्या खाडीचा फोटो होता, आणि गावाचा विषय निघाला की ते उठून दुसऱ्या खोलीत जायचे.

दगडफूल

आणि त्या तबकड्यांवर गायचं कोण? सेलियाच ना?

हडसनकाठ

कधी सेलिया, कधी बिएनव्हेनिदो ग्रांदा, बरेचदा दानिएल सांतोस. आजोबा वाट बघायचे ती कोरसची.