मदत हवी आहे: कॅम्पर व्हॅन पावसाळाभर जांबोटीकडे उभी करायची आहे

घाटवाट्या:

नमस्कार मंडळी. वळवाचे दोन पाऊस होऊन गेले, मृग दहा दिवसांवर आलाय, म्हणून नमनाला घडाभर तेल न घालता विचारतो.

आमची जुनी डिझेल टेम्पो ट्रॅव्हलर आहे. बेळगावच्या उद्यमबागेत लाकूडकाम, वायरिंग करून घेऊन तिची कॅम्पर केली. दोन बर्थ, छोटा ओटा, ८० लिटरची पाण्याची टाकी, १२ व्होल्टचा फ्रिज, घरच्या इन्व्हर्टरला असते तसली १५० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी, छतावर दोन सोलर पॅनेल. (आरसीवर नोंद झालेली आहे. तो विषय इथे काढू नये ही विनंती.)

टिळकवाडीत आमच्या गल्लीत ती चार महिने लावली तर शेजारी बोलायचे बंद होतील. म्हणून मृगापासून दसऱ्यापर्यंत ती गावी असते, जांबोटीच्या पुढे, थोरल्या भावाकडे. गोठ्याला लागून पत्र्याचं शेड आहे, तीन बाजू उघड्या, खाली माती. तिकडचा पाऊस पाहिलेल्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, की जुलैत तिकडे कपडे चुलीवर दोरी बांधून वाळवतात आणि तरी ते ओलेच अंगात घालावे लागतात.

गेल्या वर्षी मी नुसती गाडी लावली, हँडब्रेक ओढला, कुलूप घातलं आणि आलो. खंडेनवमीला पूजेसाठी बाहेर काढायला गेलो तर मागची चाकं हलेनात. भावाने ट्रॅक्टर लावून ओढली तेव्हा आतून 'कट्' असा आवाज आला आणि सगळे दोन पावलं मागे सरकले. ब्रेक शू ड्रमला धरून बसले होते. दोन्ही बॅटऱ्या झोपलेल्या. डाव्या बर्थच्या गादीवर खालून हिरवी-काळी बुरशी, आणि खणात उंदराने माझाच टॉवेल फाडून केलेलं बाळंतिणीचं अंथरूण. हळद-कुंकू आणलेलं ताट वहिनींनी निमूट परत आत नेलं.

यंदा नीट करायचं ठरवलंय. भाचा कॅनडात असतो, कॅलगरीजवळ. त्याच्याकडे ओढायची कॅराव्हॅन आहे आणि दर ऑक्टोबरला तो ती हिवाळ्यासाठी बंद करून ठेवतो. त्याने त्याची यादी पाठवली. त्यात सगळ्यात वर आहे: पाण्याची लाइन रिकामी करून तीत गुलाबी अँटीफ्रीझ भरणे. मी स्पेअर पार्टच्या दुकानात विचारलं, तर त्यांनी हिरव्या कूलंटचा कॅन दिला, "तेच असतंय हो" म्हणाले. कॅन आणलाय, अजून ओतलेला नाही.

तर हे ओतू का? बॅटऱ्यांचं काय करायचं? वरून ताडपत्री घालू की नको? आणि उंदीर! भाऊ सत्तरीला आलाय, त्याच्यावर दर आठवड्याचं काम टाकता येणार नाही. मला महिन्यातून एक फेरी जमेल.

बर्फाळ_काकू:

आधी तो कॅन परत करा. दादा, तो इंजिनाच्या रेडिएटरचा आहे. त्यात बहुतेक वेळा एथिलिन ग्लायकॉल असतं आणि ते विष आहे, चवीला गोडसर असल्यामुळे जास्तच घातक. पिण्याच्या पाण्याच्या लाइनीत ते कधीही घालू नये. तुमचा भाचा जे गुलाबी म्हणतोय ते प्रॉपिलिन ग्लायकॉलचं, खास नळांसाठी केलेलं. दोन्ही सारखी नाहीत, दुकानदार काहीही म्हणोत.

आणि तुम्हाला ते गुलाबीसुद्धा नको. मी मिनेसोटात राहते, आमच्याकडे पारा शून्याखाली वीस-पंचवीस जातो. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि पाइप, पंप, नळाचं कार्ट्रिज फोडतं. सगळी धडपड त्यासाठी. बेळगावच्या थंडीत स्वेटर लागतो, पण पाणी गोठत नाही. तुमच्या भाच्याचा शत्रू बर्फ, तुमचा शत्रू ओल. यादीतलं पाणी काढून टाकणं तेवढं घ्या. टाकीचा खालचा बूच काढा, सगळे नळ उघडे ठेवा, पंप काही सेकंदच चालवून लाइनीतलं उरलेलं पाणी काढा, सांडपाण्याची टाकीही धुऊन रिकामी करा. नळ तसेच उघडे राहू देत. फ्रिज आतून कोरडा पुसून दारात लाकडाचा तुकडा अडकवा, म्हणजे दार फटीएवढं उघडं राहील. बंद ठेवलात तर दसऱ्याला तो वास आयुष्यभर विसरणार नाही.

डिझेलभट:

ब्रेकचं उत्तर तुम्हीच दिलंत. उभ्या गाडीला हँडब्रेक ओढायचा नाही, पहिल्या गिअरमध्ये टाकायची आणि चाकांना पुढून-मागून दगड किंवा ओंडके लावायचे. लावण्याआधी दहा-पंधरा किलोमीटर चालवून न्या, म्हणजे ड्रम गरम होऊन कोरडे होतील. ओल्या ड्रमने उभी करू नका.

टायरमध्ये नेहमीपेक्षा ४-५ पीएसआय हवा जास्त, पण टायरच्या बाजूला लिहिलेल्या कमाल आकड्याच्या आत. खाली माती म्हणताय, तर चाकांखाली जाड फळ्या घाला. महिन्याच्या फेरीत गाडी अर्धं चाक पुढे सरकवा, एकाच जागी भार राहिला की टायर चपटा होतो. जाताजाता टायरवरचा चार आकडी शिक्काही बघा. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. तसा असेल तर उभं करायची काळजी सोडा, टायर बदलायची करा.

डिझेलची टाकी काठोकाठ भरा. रिकामी जागा राहिली की हवेतली वाफ आत पाणी होऊन तळाला बसते. सुरू करण्याआधी फिल्टरच्या वॉटर सेपरेटरमधून पाणी सोडा.

मळभ:

एवढं कशाला? दर रविवारी भावाच्या मुलाला सांगून दहा मिनिटं स्टार्ट करून ठेवायची. आमची जीप अशीच टिकलीय.

डिझेलभट:

मळभ, राग मानू नका, पण हाच सल्ला सगळीकडे मिळतो आणि हाच चुकीचा आहे. जागेवर दहा मिनिटं इंजिन गरमच होत नाही. जळण्यातून निघालेली वाफ सायलेन्सरमध्ये पाणी होऊन बसते, काही ऑइलमध्ये उतरते. स्टार्टरने बॅटरीतून जेवढं घेतलं तेवढंही आयडलिंगवर नीट परत येत नाही. चालवायची तर जांबोटी ते खानापूर एक फेरी मारून या, नाहीतर हात लावू नका.

बॅटरीचं: इंजिनाची निगेटिव्ह केबल आधी काढा, मग पॉझिटिव्ह. घड्याळ, स्टिरिओ, अलार्म थेंब थेंब पीत असतात. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६-१२.७ व्होल्ट दाखवते. १२.४ खाली गेली की आत सल्फेट धरायला लागतं, आणि महिनोन्‌महिने तशीच राहिली तर मग चार्ज करून उपयोग नाही. ट्यूब्युलर काढून टिळकवाडीला नेऊन घरच्या इन्व्हर्टरला लावा, डिस्टिल्ड वॉटर बघून घाला. सोलरवर भरवसा ठेवू नका. पॅनेल पत्र्याच्या शेडाखाली गेलं की ते नुसतं काचेचं ताट.

निपाणीची_सून:

उंदरांवर माझा सल्ला ऐका, सासर निपाणीचं आहे. आमच्यात वखारीतल्या तंबाखूच्या पानांच्या पेंढ्या बॉनेटमध्ये आणि सीटखाली अडकवतात. उपयोग होतो, पण वास उडाला की संपलं. दर महिन्याला पानं बदलावी लागतील. खरा उपाय भोकं बुजवण्याचा. पाइप, वायर जिथून आत येते तिथली प्रत्येक फट भांडी घासायच्या तारेच्या घासणीने गच्च भरा. बोट शिरेल एवढी फट उंदराला दरवाज्यासारखी असते. आत बिस्किटाचा चुरा, साबणसुद्धा ठेवू नका, साबण खातात. घुशी असतील तर शेडाच्या कडेची बिळं आत्ताच बघा, कारण पावसाने बिळात पाणी शिरलं की त्या वर येतात आणि त्यांच्या मागोमाग साप.

अजून एक कुणी सांगितलं नाही ते. कुंभारीण! ती मातीची घरं करणारी माशी. आमच्या गॅसच्या बर्नरच्या नळीत आणि फ्रिजच्या मागच्या जाळीत घर केलं होतं. शेगडी पेटेना म्हणून मिस्त्री बोलावला, त्याने तारेने चिखल काढला. बर्नर काढून पिशवीत बांधून ठेवा, जाळ्यांवर बारीक मच्छरजाळी लावा. सिलिंडर गाडीत ठेवायचाच नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, गळाला तर खाली फरशीलगत साचून राहतो.

आणि सायलेन्सरच्या तोंडात कापड घालणार असाल तर स्टीअरिंगला लाल चिंधी बांधा आणि कागदावर लिहून ठेवा काय काय बुजवलंय. आमच्यात एकदा विसरले होते.

घाटवाट्या:

सगळ्यांचे आभार. कॅन परत केला, दुकानदाराचं तोंड बघण्यासारखं झालं. ओलीचं आणि ताडपत्रीचं अजून कुणी बोललं नाही. भाऊ म्हणतो आत मडक्यात कळीचा चुना ठेवू.

बर्फाळ_काकू:

ताडपत्री गाडीच्या पत्र्याला टेकवून बांधू नका. आतल्या बाजूने पाणी सुटतं आणि वाऱ्याने घासून रंगही जातो. शेड आहे ना, मग उघड्या बाजूंना पडद्यासारखी लावा, गाडीपासून हातभर लांब. गाद्या घरी नेता आल्या तर उत्तम, नाहीतर भिंतीपासून दूर उभ्या करा, सगळी कपाटं-खण उघडे ठेवा. चुना चालेल, पण मडकं अर्ध्याच्या वर भरू नका, ओल घेऊन तो फुगतो. वरून थेंब पडेल अशा जागी तर मुळीच नको, भाजेल इतका तापतो. कॅल्शियम क्लोराइडच्या डब्या वापरल्यात तर खाली प्लास्टिकचं ताट हवं, त्यांचं खारट पाणी लोखंड खातं.

पण त्याआधी गळती तपासा. गळत असेल तर चुन्याची गोणी ठेवूनही काही होणार नाही.

घाटवाट्या:

काल गावी जाऊन आलो. काकूंनी सांगितल्यावर विहिरीच्या पंपाचा पाइप छतावर सोडला. भाचेजावई वर, मी आत टॉर्च घेऊन. वीस मिनिटं काहीच नाही. मग डाव्या सोलर पॅनेलच्या ब्रॅकेटच्या मागच्या बोल्टाशी एक थेंब तयार झाला, प्लायवर सरकत कपाटामागे गेला आणि बर्थच्या फळीवर पडला. बरोब्बर तिथे, जिथे गेल्या वर्षी गादी कुजली होती. म्हणजे वर्षभर मी ज्याला हवेतली ओल समजत होतो, ते नुसतं गळत होतं. ज्यांनी पॅनेल बसवलं त्यांनी बोल्टाभोवती साधं सिलिकॉन फासलं होतं, नखाने ओढलं तर पापुद्रा निघून आला.

सगळं खरवडून, थिनरने पुसून पॉलियुरेथेन सीलंट भरलंय. जुनं सिलिकॉन राहिलं तर त्यावर दुसरं काही चिकटत नाही असं उद्यमबागेतला एक ओळखीचा म्हणाला, म्हणून अर्धा दिवस नुसतं खरवडण्यात गेला. उद्या पुन्हा पाइप सोडणार.

बाकी दगड, फळ्या, डिझेल, घासणी, लाल चिंधी सगळं झालं. ट्यूब्युलर घरी आणताना कंबर धरली, ते वेगळं. एकच प्रश्न राहिलाय. वहिनी म्हणतायत, गाडी कोरडी आहे आणि रिकामीच राहणार, तर काजूबियांची चार पोती आत ठेवू, दर वाढला की विकू. काय करू?

निपाणीची_सून:

अहो दादा! उंदरांना पत्रिका छापून वाटा त्यापेक्षा.

घाटवाट्या:

मला कळतंय हो. वहिनींना कोण सांगणार? गेल्या वर्षीचं ताट अजून मनात आहे त्यांच्या.