प्रति: बिल्ला नसलेली जुनी सायकलची फ्रेम कुठली?
रत्नागिरीतल्या या फ्रेमला कंपनीचा बिल्ला नाही, कोरलेला नंबर दिसत नाही, तरी ‘विलायती रॅलेच’ (म्हणजे ब्रिटिश रॅले कंपनीची) असं वरच्या उत्तरांत ठरलंय. घाई होतेय. खाऱ्या हवेत गंज नंबरात भरून बसतो. पॉलिश पेपर अजिबात लावू नका, उथळ आकडे कायमचे जातील. सीटखालच्या जोडावर आणि बॉटम ब्रॅकेटखाली (पेडलचा आस बसतो ती नळी) रॉकेलचा बोळा रात्रभर बांधा, पितळी ब्रशने हलकं घासा, बॅटरी आडवी धरून बघा.

मग त्या नळीच्या दोन्ही टोकांचे आटेदार कप काढून आट्यांवर थ्रेड गेज (आटे मोजायची पट्टी) लावा. इंचाला 24 आटे म्हणजे सर्वसाधारण ब्रिटिश माप. 26 निघाले तर रॅलेचं कूळ. पण आसनसोलला, म्हणजे भारतातच बनलेली सेन-रॅलेही त्याच कुळातली, म्हणून नंबर हवाच. ब्रिटिश मापात उजवा कप घड्याळाच्या दिशेने सुटतो. उलटा जोर लावलात तर आणखी आवळेल.