सेकंडहँड गाडीची दुसरी चावी: सर्व्हिस सेंटर की बाहेरचा चावीवाला?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. बाबांसाठी २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक घेतली. आधीच्या मालकाने एकच चावी दिली, दुसरी म्हणे घर बदलताना हरवली. खरंखोटं देव जाणे.

सर्व्हिस सेंटरमध्ये आरसी आणि ओळखपत्र मागितलं. चावी मागवावी लागेल, रिमोट आणि प्रोग्रॅमिंग धरून ९ हजारांच्या आसपास जाईल म्हणाले. बाजारातला चावीवाला तेच काम अडीच हजारांत तासाभरात करून देतो म्हणतो. त्याच्याकडे स्टीअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला (गाडीच्या कॉम्प्युटरशी जोडायचं सॉकेट) लावायचं यंत्र आहे, माणूस जाणकार वाटला. पण यंत्रात आपल्या गाडीचा कोड राहिला तर? मन धजावत नाही.

नुसतं पातं कापून आणलेली साधी चावी मी लावून बघितली. दार उघडतं, पण गाडी चालू होत नाही आणि डॅशबोर्डवर किल्लीचा दिवा लुकलुकत राहतो. म्हणजे इमोबिलायझरला (ओळखीची चावी नसेल तर इंजिन चालू न होऊ देणारी चोरीविरोधी यंत्रणा) चावीतली चिप लागतेच.

माझी मुख्य शंका अशी की नवी चावी प्रोग्रॅम करताना हरवलेली चावी सिस्टीममधून काढून टाकता येते का? मला पैशांपेक्षा त्याचीच काळजी जास्त आहे, कारण गाडी रात्री रस्त्यावरच उभी असते. आणि चिप रद्द झाली तरी जुन्या पात्याने दार उघडणारच ना? मग लॉकही बदलावं का?

बाहेरून करून घेतलेल्यांनी रिमोट किती टिकला तेही सांगा. नाशिकमधला खात्रीचा कारागीर माहीत असेल तर मेसेज करा.