मदत हवी आहे: स्पंजबॉबच्या पहिल्या सीझनची डीव्हीडी

नमस्कार मंडळी,
बहीण दिवाळीत न्यू जर्सीहून ठाण्याला येतेय. तिच्याकडून 'स्पंजबॉब स्क्वेअरपँट्स' या कार्टूनचा पहिला सीझन मागवायचाय, म्हणजे 1999 ला निकलोडियनवर सुरू झाला तो. भाचरांचं निमित्त आहे, हौस माझीच.

नंतरचे सीझन डिजिटल झाले. पहिला मात्र सेलवर, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या शीटवर हाताने रंगवलेला, त्यामुळे रंग जरा मळकट आणि रेषा थोडी हलती. मला तोच आवडतो. शिवाय निर्माते स्टीफन हिलेनबर्ग मुळात समुद्री जीवशास्त्र शिकवणारे, ते त्यात जागोजागी दिसतं.

अडचण अशी की 2003 च्या अमेरिकन डीव्हीडी संचात पहिलाच भाग, 'हेल्प वाँटेड', नाही! त्यातल्या गायक टायनी टिमच्या गाण्याच्या हक्कांमुळे तो गाळला होता. नेमका तोच हवाय. हॉटेलमालक क्रॅब्स नोकरी मागायला आलेल्या स्पंजबॉबला कटवायला भलताच उलथणा आणायला पाठवतो, इकडे बस भरभरून अँचोव्ही मासे हॉटेलात घुसतात, आणि हा पठ्ठ्या खरंच तो उलथणा घेऊन हजर! तिसऱ्या सीझनच्या संचात हा भाग जोडला होता म्हणे, पण एका भागासाठी अख्खा संच घेणं जिवावर येतं.

तर, पहिल्या सीझनच्या नंतरच्या एखाद्या आवृत्तीत तो आहे का? कुणाकडे असेल तर मागचं कव्हर बघून सांगा प्लीज. दुसरं, डिस्क कुठल्या देशांत चालेल हे ठरवणारा रीजन कोड असतो; अमेरिकन डिस्क रीजन 1 ची, आपला प्लेअर रीजन 5 चा. रिमोटवरून कोड बदलून कुणाचं जमलंय का? आणि फक्त 'ऑनलाइन बघ' सांगू नका, डिस्कच हवी आहे.