कॅनव्हासमागची खटपट: चित्र पडद्यावर दाखवणाऱ्यांचे अनुभव

चित्रसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये कौतुक होते ते ब्रशचे आणि फिल्टरचे. चित्र पडद्यावर नीट दिसावे म्हणून जे खपतात, त्यांच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. झूम करणे, चित्र सरकवणे, कॅनव्हास फिरवून किंवा आरशातल्यासारखा उलटवून पाहणे या गोष्टी वापरणाऱ्याला इतक्या स्वाभाविक वाटतात, की त्या कोणीतरी लिहिलेल्या आहेत हे ध्यानातही येत नाही. कॅनव्हास फिरवून पाहण्याची सोय फोटोशॉपमध्ये २००८ च्या सीएस४ आवृत्तीत ग्राफिक्स कार्डाच्या आधाराने आली. गिंप या मोफत चित्रसंपादकात ती २०१८ च्या २.१० आवृत्तीत आली. अशा कामात ज्यांनी हात घातला आहे, त्यांनी आपल्याला आलेली एखादी अडचण कारणासह सविस्तर लिहावी, ही विनंती. सुरुवात मी करतो, इतरांचे अनुभव एकेका ‘०’ या खुणेनंतर येतात.

माझ्या वाट्याला झूम आले होते. माऊसचे चाक फिरवल्यावर कर्सरखालचा बिंदू जागचा हलता कामा नये, एवढीच अपेक्षा होती. त्याचे गणित सोपे आहे: कर्सरखाली चित्रातला कोणता बिंदू आहे ते आधी काढायचे आणि नव्या प्रमाणातही तोच बिंदू तिथे येईल इतके चित्र सरकवायचे. दोन-तीनदा चाक फिरवून पाहिले तेव्हा सारे अचूक वाटले. दहा वेळा आत आणि दहा वेळा बाहेर गेल्यावर मात्र चित्र काही पिक्सेल डावीकडे गेलेले निघाले, कारण सरकवण्याचे अंतर मी प्रत्येक पायरीला पूर्णांकात साठवत होतो आणि दर वेळी कापला गेलेला अपूर्णांक साचत चालला होता. आता ते अंतर दशांशातच राहते, पूर्णांक होतो तो फक्त रंगवण्याच्या क्षणी. दुसरी चूक अधिक बावळटपणाची होती. प्रत्येक पायरीला मी १.१ ने गुणत असे. मोठे चित्र खिडकीत मावेल अशा बेताने ३७ टक्क्यांवर उघडले, तर दहाव्या पायरीला ९६ आणि अकराव्या पायरीला थेट १०६ टक्के होत. नेमके १००, म्हणजे चित्राचा एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलवर, कधी लागतच नसत. वापरणाऱ्याला चित्र किंचित धूसर दिसे आणि तो दोष आपल्या चष्म्याला देत असे.

०

आमचे गिऱ्हाईक म्हणजे फ्लेक्स छापणारी मंडळी. वीस फूट गुणिले दहा फुटांचा फलक ७२ डीपीआयने, म्हणजे इंचाला ७२ पिक्सेल धरून, केला, तरी १७,२८० गुणिले ८,६४० पिक्सेल होतात, म्हणजे सुमारे १४.९ कोटी पिक्सेल आणि प्रत्येकी चार बाइट धरले तर एका थरालाच (लेयरलाच) जवळजवळ ६० कोटी बाइट. आमच्या पहिल्या आवृत्तीत ब्रशचा एक ठिपका उमटला, तरी सगळे थर नव्याने एकत्र केले जात. पडदा सेकंदाला साठ वेळा ताजा व्हायचा तर प्रत्येक वेळी जेमतेम १६-१७ मिलिसेकंद मिळतात. आमच्याकडे एका फटकाऱ्याला काही सेकंद लागत. मग चित्राचे २५६ गुणिले २५६ पिक्सेलचे तुकडे केले. पूर्ण आकारात पाहताना साध्या एचडी पडद्यावर एकूण दोन हजारांवर तुकड्यांपैकी पन्नासच्या आसपासच दिसतात, तेव्हा तेवढेच आणि त्यांतलेही बदललेलेच पुन्हा रंगवायचे. लांबून पाहण्यासाठी निम्म्या, पाव, अष्टमांश अशा लहान प्रती आधीच करून ठेवल्या. या सगळ्या प्रती मिळून मूळ चित्राच्या फक्त एक तृतीयांश इतकी जास्तीची जागा घेतात, हे गणित मांडून दाखवले तेव्हा कुठे आमच्या वरिष्ठांनी मान हलवली.

खरी परीक्षा त्यानंतर झाली. ६७ टक्क्यांवर पाहिले की पुढाऱ्यांच्या चेहऱ्यांवरून बारीक उभ्या-आडव्या रेषा जाताना दिसू लागल्या, आणि फाइलमध्ये त्या कुठेच नव्हत्या. तुकडा लहान करताना त्याच्या काठावरच्या पिक्सेलला शेजारच्या तुकड्यातले पिक्सेल ठाऊक नसत, म्हणून सांधे उघडे पडत होते. प्रत्येक तुकड्याला शेजाऱ्यांच्या पिक्सेलची एक पदरी किनार जोडली आणि रेषा गेल्या. तोवर एका गिऱ्हाइकाने त्या रेषा पुसण्यात अर्धा दिवस घालवला होता.

०

देवनागरी मजकूर असलेले चित्र लहान करून दाखवणे हा एक स्वतंत्र विषय आहे, असे माझे मत झाले आहे. सर्वांत जवळचा पिक्सेल उचलण्याची पद्धत वेगवान असते, परंतु ३३ टक्क्यांवर तीनपैकी दोन ओळी गळतात आणि पातळ शिरोरेघ नेमकी त्यांतच सापडली, तर संपूर्ण ओळ डोके उडवल्यासारखी दिसते. म्हणून आम्ही सरासरी काढू लागलो. आता एक काळा आणि एक पांढरा पिक्सेल यांची सरासरी किती? काळ्याचा आकडा ० आणि पांढऱ्याचा २५५, म्हणून साठवलेल्या आकड्यांची सरासरी १२८ येते. पण ते आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात, आणि प्रकाशाची खरी सरासरी काढून पुन्हा आकड्यात आणली तर ती १८८ येते. जुन्या पद्धतीत गडद पैठणीवरची बारीक जर लांबून पाहताना मंद पडे. नव्या पद्धतीत ती उजळली आणि मी समाधानाने घरी गेले. दुसऱ्या दिवशी डीटीपी करणारे एक काका म्हणाले, “ताई, कालपासून अक्षरं फिकट दिसतात.” तेही बरोबरच बोलत होते, कारण पांढऱ्यावरचा काळा मजकूर या हिशेबात बारीक भासतो. मी छायाचित्रांच्या बाजूने निर्णय घेतला. काका अजून नाराज आहेत.

०

माझा अनुभव छोटा आहे. कॅनव्हास आरशासारखा उलटवणे आणि फिरवणे या दोन्ही सोयी स्वतंत्रपणे तपासल्या, दोन्ही उत्तम चालल्या. एकत्र वापरल्यावर मात्र उलटवलेला कॅनव्हास उजवीकडे फिरवला की तो डावीकडे फिरू लागला, कारण कोन चित्राच्या बाजूने मोजला जात होता आणि हात पडद्याच्या बाजूने फिरत होता. तो सुधारल्यावर डिजिटल लेखणीच्या तिरकेपणाची दिशा उलटी निघाली. तेव्हापासून मी प्रत्येक सोय उलटवलेल्या आणि तिरप्या कॅनव्हासवरच आधी तपासतो.

०

रंग उचलण्याच्या ड्रॉपरची आमची गोष्टही याच जातीची आहे. चित्रातला रंग पडद्यावर जाताना मॉनिटरच्या प्रोफाइलनुसार (तो मॉनिटर रंग कसे दाखवतो याच्या नोंदीनुसार) बदलतो, तो बदललाच पाहिजे. आमचा ड्रॉपर मात्र हा बदललेला रंग उचलत होता. एकदा उचलून रंगवले तर फरक जाणवत नसे. तेच आठ-दहा वेळा केले की त्वचेचा रंग हळूहळू विटकरी होई. त्यातच एका कलाकाराकडे दोन मॉनिटर होते आणि खिडकी दुसऱ्यावर नेली की तोच रंग वेगळा उचलला जाई. ड्रॉपरने पडद्याला न विचारता थेट चित्राला विचारायला हवे होते.

०

‘१०० टक्के’ म्हणजे काय, यावर आमच्याकडे तीन बैठका झाल्या. चित्राचा एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलवर, हा एक अर्थ. पण विंडोजमध्ये १२५ टक्के स्केलिंग लावलेले असले आणि आपण ते विचारात घेतले नाही, तर हे चित्र सव्वापट ताणले जाते आणि अक्षरांच्या कडा फुगतात. दुसरा अर्थ छापील आकाराचा. लग्नपत्रिका करणाऱ्या एका बाईंनी छापून आलेली पत्रिका सरळ पडद्याला टेकवली, तेव्हा पडद्यावरची बोटभर मोठी निघाली. मॉनिटर स्वतःची जी मापे कळवतो ती नेहमी खरी नसतात. शेवटी आम्ही एक आडवी व एक उभी रेघ दाखवून ‘फूटपट्टीने मोजा आणि आकडा भरा’ अशी चौकट दिली. त्या बाईंनी शिवणकामाची टेप लावून मोजले आणि पत्रिका पुन्हा पडद्याला टेकवली.