राक्षसाला खेळाडूचा ठावठिकाणा माहीत असावा का?

वैनगंगाकाठ:
भीतीच्या व्हिडिओ गेममधला पाठलाग करणारा राक्षस धाकाचा व्हायचा असेल तर त्याचा वेग वाढवावा, त्याला भिंतीपलीकडचे दिसावे आणि तो कुठेही प्रकट व्हावा. न्यायाची काळजी करणारे गेम लेचेपेचे होतात, असे काल इथे एका सदस्याने लिहिले. ते वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

असा राक्षस पहिल्यांदा दचकवतो, दुसऱ्यांदा चिडवतो आणि पुढे केवळ वेळ खातो. काहीही केले तरी मरण ठरलेलेच असेल, तर लपण्यात किंवा वाट बदलण्यात अर्थ उरत नाही, आणि खेळाडू घाबरणेच सोडून देतो. ‘एलियन: आयसोलेशन’ (२०१४) या गेममध्ये खेळाडूच्या मागावर असलेला परग्रहावरचा प्राणी छतावरच्या झरोक्यात दबा धरून बसतो तेव्हा तिथून लाळ ठिबकत असते. वर पाहणारा वाचतो. घाईत खालून जाणारा मरतो, पण आपले काय चुकले ते त्याला कळते. ‘रेसिडेंट ईव्हिल २’च्या २०१९ च्या आवृत्तीत पाठलाग करणाऱ्या मिस्टर एक्स या धिप्पाड राक्षसाची जड पावले भिंतीआडून ऐकू येतात, आणि त्या आवाजावरूनच कुठले दार उघडायचे ते ठरवावे लागते. आमच्या ब्रह्मपुरीकडे वानर खेकसले किंवा चितळाचा कॉल आला की वाघ जवळ आहे एवढेच समजते, कुठल्या झुडपात आहे ते समजत नाही. आगाऊ इशारा मिळाल्याने भीती ओसरते असे म्हणणाऱ्याने तो कॉल एकदा संध्याकाळी ऐकावा.

तेंदूपान:
तुम्ही दिलेले उदाहरणच तुमच्या विरोधात जाते. ‘एलियन’मध्ये दोन यंत्रणा आहेत: प्राण्याला फक्त डोळे-कान आहेत, परंतु त्याच्या वर बसलेल्या दुसऱ्या यंत्रणेला खेळाडू कुठे आहे हे सतत ठाऊक असते आणि ती प्राण्याला त्या दिशेने वळवत राहते. म्हणजे फितूर आतच बसलेला आहे, आणि तो नसता तर प्राणी अंतराळ स्थानकाच्या दुसऱ्या टोकाला भटकत राहिला असता. मिस्टर एक्सच्या पावलांचे म्हणाल, तर थोड्या वेळाने त्यांची धास्ती संपते आणि फक्त अडथळा उरतो. जे अचूक ओळखता येते त्याला कोण भिणार?

राहिला वाघ. ते उदाहरण मला जंगलाबाहेरून दिलेले वाटते. माझी मावशी मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला जाते. त्यांच्या टोळीतल्या एका बाईंवर हल्ला झाला, तेव्हा शेजारी पाने तोडणारीलाही आधी कसली चाहूल लागली नव्हती. वाघ मागून येतो. सुंदरबनात लोक डोक्यामागे मुखवटे बांधून जात, ते याच कारणासाठी.

वैनगंगाकाठ:
‘जंगलाबाहेरून’ हा शब्द मागे घ्यावा, ही विनंती. आमच्या शेताच्या धुऱ्यावर वाघाचे पगमार्क दिसले की आठवडाभर कोणी एकटे ओलिताला जात नाही.

त्या बाईंवर जे गुदरले तो अन्याय होता, आणि तसाच अन्याय खेळात असावा असे मला वाटत नाही. तुमचा फितूरही पुरता सांगा. तो फक्त परिसर दाखवतो, खेळाडू लपला आहे ते नेमके लॉकर, म्हणजे कपाट, दाखवत नाही; आणि प्राणी फार वेळ खेळाडूच्या आसपास राहिला की तीच यंत्रणा त्याला झरोक्यात परत पाठवते. १९८० च्या पॅक-मॅन या गेममधील भुतेसुद्धा ठरावीक काळाने पाठलाग सोडून आपापल्या कोपऱ्यात जातात. श्वास घ्यायला वेळ मिळतो म्हणूनच पुढची पावले जिवाला लागतात.

कपाशी:
आपण दोघे खरा अन्याय बाजूला ठेवून भांडत आहात. ‘एलियन’मध्येच भिंतीवरच्या यंत्रात कार्ड घालून, दिवे लागेपर्यंत थांबून सेव्ह करावे लागते, म्हणजे तिथवरचा खेळ जपून ठेवावा लागतो, आणि त्या काही क्षणांतही प्राणी मारू शकतो. आमच्या गावात उन्हाळ्यात लाईन कधी जाईल याचा नेम नाही. मी तासभर लपतछपत पुढे जातो, यंत्र समोर दिसते आणि लाईन जाते. मला राक्षसाने मारलेले नसते, तरी तो तास परत खेळावा लागतो. यात कुठला न्याय?

तेंदूपान:
इन्व्हर्टर घ्यावा. दर पावलाला आपोआप सेव्ह झाले तर मरणाची किंमत शून्य होते आणि राक्षस शोभेपुरता उरतो.

कपाशी:
इन्व्हर्टर घ्यावा हे सांगणे सोपे आहे. कापसाचे पैसे हाती आले की आधी कृषी केंद्राची उधारी फेडावी लागते, भाऊ, आणि गेम आमच्यासारख्यांसाठीही असतात. दर मिनिटाला एक तात्पुरती नोंद ठेवावी, मेल्यावर ती पुसावी आणि खेळाडूला मागच्या यंत्रापाशी न्यावे. लाईन गेली तर मात्र त्या नोंदीवरून पुढे चालू द्यावे. यात मरणाची किंमत कुठे कमी झाली?

झाडीपट्टी:
कपाशीदादा, यात एक छिद्र आहे. प्राणी समोर आला की खेळाडू स्वतःच कळ दाबून संगणक बंद करील. पुन्हा सुरू करताना राक्षस नव्या जागी ठेवला, तर तीच पळवाट ठरेल. तो होता तिथेच, त्याच संशयासह ठेवला, तर झडप चालू असताना झालेली नोंद खेळाडूला डोळे उघडताच मारील. म्हणून राक्षसाची जागा आणि त्याने शेवटचे काय ऐकले हे दोन्ही नोंदवावे, आणि झडप सुरू असताना नोंद घेऊच नये. त्याआधीच्या नोंदीतही तो मागावर असेलच, म्हणजे कळ दाबून सुटका होणार नाही.

तेंदूपान:
ताईंची तोड बिनचूक आहे, हे नाइलाजाने मान्य करतो; इन्व्हर्टरचा आग्रहही सोडतो. मूळ मुद्दा सोडत नाही. राक्षसाने शिकत राहिले पाहिजे. लॉकरमध्ये वारंवार लपणाऱ्याला कधीतरी लॉकर उघडलेले दिसलेच पाहिजे, आणि तेव्हा आगाऊ इशारा नको.

वैनगंगाकाठ:
लॉकर उघडू द्या, तेवढे मान्य. पण आधी एकदा त्याने शेजारचे रिकामे लॉकर उपसलेले खेळाडूला ऐकू आले पाहिजे. ते ऐकूनही जो तिथेच बसून राहील, त्याच्यासाठी मी वाद घालणार नाही. न ऐकवता पहिल्याच झडपेत मारणे हा रडीचा डाव आहे, आणि मावशींचा अनुभव कितीही खरा असला तरी माझे हे मत बदलत नाही.

तेंदूपान:
रिकामे लॉकर चालेल. मात्र तो आवाज एकदाच यावा, आणि त्यानंतर किती वेळाने राक्षस परत येईल हे दर खेळात वेगळे असावे.