अनुभव धागा : भाड्याचं घर आणि आडनाव

गेल्या महिन्यात पुण्यात घर बघायला गेलो होतो. बायकोने ओटा वितीने मापून पाहिला, गॅलरीत दोऱ्या कुठे बांधता येतील तेही ठरवून टाकलं. मालकीणबाईंनी चहा टाकला आणि आलं किसता किसता विचारलं, "पूर्ण नाव काय म्हणालात?" सांगितलं. किसणी थांबली. रात्री एजंटचा मेसेज : मालकांच्या भाच्याला जागा लागतेय. तीन आठवडे झाले, त्या घराची जाहिरात त्याच फोटोंसकट चालूच आहे.

1917 साली कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले बाबासाहेब बडोद्यात नोकरीवर रुजू झाले. जात कळताच काठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना पारशी धर्मशाळेतून बाहेर काढलं. गावात कुणी थारा देईना. मुंबईची गाडी सुटेपर्यंत ते कामाठीबागेत बसून होते. शंभर वर्षांनी काठी गेली, भाचा आला. तुमच्या वाट्याला काय आलं ते लिहा. जात, धर्म, प्रांत, काहीही असो. सोसायटीचं किंवा माणसाचं नाव मात्र नको.

*

मी मूळची रत्नागिरीची. फोनवर माझं बोलणं ऐकून सगळे म्हणतात, "या ना ताई बघायला." दारात नाव सांगितलं की, "मला काही नाही हो, सोसायटीचा प्रॉब्लेम आहे." अशा सात जागा झाल्या. आता भाडं, मजला, पाणी विचारायच्या आधी मीच सांगून टाकते, "आम्ही मुसलमान आहोत, चालेल का?" रिक्षाचे पैसे तरी वाचतात. लेक सहावीत आहे. परवा मैत्रिणीच्या आईने तिला वाढदिवसाला बोलवायला फोन केला, तर पोरीने आधी तेच वाक्य म्हटलं. मी कणीक मळत होते. हात तसाच राहिला.

*

आमच्या घरी दर्शनी भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. मालक दुरुस्ती बघायला येणार म्हटल्यावर वडील तसबिरी उतरवून कपाटात ठेवायचे. भिंतीवर दोन फिकट चौकोन दिसायचे. त्यावर आई कॅलेंडर लावायची.

*

आम्ही पारधी. इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 ला गेला, म्हणून त्या दिवशी आम्ही विमुक्त दिन पाळतो. कॉलेजसाठी खोली घेतली तेव्हा मालकांनी चांगलं वागवलं, खोटं का बोलू. पण खालून एक सायकल गेली आणि पहिली थाप माझ्या दारावर पडली. चार पोरं राहत होतो, गादी फक्त माझी उलटी केली. सायकल नंतर सापडली. मला कुणी काही बोललं नाही, सॉरीसुद्धा नाही.

*

वकील आहे, म्हणून थोडं सविस्तर. संविधानाच्या कलम 15(2) मध्ये दुकानं, हॉटेलं, विहिरी, घाट, रस्ते आहेत, खाजगी घर नाही. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा फक्त पारशी सभासद घेण्याचा नियम वैध ठरवला. त्यामुळे रत्नागिरीच्या ताईंना आज कायद्याचा आधार फार थोडा आहे, आणि याचा मला मनापासून राग येतो. पण धागा काढणाऱ्या दादांसाठी : नागरी हक्क संरक्षण कायदा 1955, कलम 4. अस्पृश्यतेच्या कारणावरून कुठल्याही वस्तीत राहायला अडवणं हा गुन्हा आहे. आणि कलम 12 नुसार पीडित अनुसूचित जातीचा असेल, तर कृत्य त्याच कारणावरून झालं असं न्यायालय गृहीत धरतं, उलट सिद्ध होईपर्यंत. मेसेज पुसू नका.

*

वय 68. मी घर देणाऱ्यांपैकी. भाचा मीही सांगितलाय, एका नर्सला, सासूबाई दाराआडून ऐकत होत्या म्हणून. तिच्या कडेवर बाळ होतं. तिने पाणी मागितलं, मी दिलं. ती गेल्यावर सासूबाईंनी पेला वेगळा ठेवायला लावला आणि मी ठेवला. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. घर माझ्या नावावर आहे. पेला अजून फळीवर मागेच आहे, हे आज तुमचं वाचून उठून पाहिलं.

*

(धागा काढणारा) वकीलताई, मेसेज आहे. जाहिरातही अजून आहे. आज सकाळी तारखेसकट सगळ्या फोटोंचे स्क्रीनशॉट काढले. बायको म्हणाली, ओट्याचाही घे.